पंख्याचा आवाज

माझ्या एमटेकच्या प्रोजेक्टची खरी परीक्षा कुठे झाली सांगू? परळला, आमच्या खोलीत, बाबांच्या दुपारच्या झोपेवर.

मी इन्व्हर्टर बनवत होतो. बॅटरीतून वीज घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लाटेत यायला हवी, माझी यायची जिन्याच्या पायऱ्यांसारखी. टेस्टिंगला घरचाच पंखा जोडलेला. त्या पायऱ्यांपायी तो महिनाभर घूं घूं करत फिरला. मग एका रविवारी मी इन्व्हर्टरच्या प्रोग्राममध्ये आतले स्विच चालू-बंद व्हायच्या वेळा बदलल्या आणि पंखा एकदम गप्प झाला.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात बाबा ताडकन उठून बसले. "लाईट गेली?"

"नाही बाबा. वर बघा, फिरतोय."

बघितलं, आडवे झाले, आणि लगेच परत उठले. "आता गेली."

"अहो बाबा, फिरतोय."

"मग आवाज कुठेय?"

"तोच तर काढला. महिनाभर त्याच्यासाठीच घासतोय मी."

"अरे, जन्म गिरणीत गेला माझा. मशीन गप्प झालं की आम्ही आधी उठायचो, मग काय झालं ते बघायचो."

आतून आई म्हणाली, "घाल रे तो आवाज परत. हे जागे राहिले की मला कुठे झोपू देतात?"

आता दोन प्रोग्राम आहेत. सरांना गप्प पंखा दाखवतो. घरी घूं घूं करणाऱ्या प्रोग्रामसाठी वेगळं बटण बसवलंय. त्यावर आईने चिकटपट्टी लावून लिहिलंय, "ह्यांची झोप".