गिरजाघराच्या आवारात उभा केलेला दगड

ठाणे सिरोंचा, जिल्हा चांदा. जानेवारी १९५४.

माझे नाव बुधरी जौजे झिंगू मडावी. वय अदमासे पंचावन्न, जन्माची नोंद नाही. जात माडिया गोंड. धंदा शेती व मोह वेचणे. राहणार कोत्तागुडा, तहसील सिरोंचा. ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

माझा नवरा वारला आहे. मुलगा एकच, लालसू. लढाईच्या दिवसांत ब्रह्मदेशाकडे सडक बांधायला माणसे हवीत म्हणून साहेब आला होता. त्याने आमच्या भागातली पोरे गिरजाघराच्या आवारात चिंचेखाली जमवली आणि तिथूनच लारीत बसवली. त्यात लालसू होता. गिरजाघराचा राखणदार देवदानम, त्याचा मुलगा दानियलही होता. दोघे एका फळीवर बसले. वाटेसाठी बांधून दिलेली भाकर लालसूने दानियलबरोबर वाटून लारी हलायच्या आधीच संपवली, म्हणून मी लालसूवर ओरडले. तेच आमचे शेवटचे बोलणे. दोघेही परत आले नाहीत.

गेल्या नाताळच्या आधी ख्रिस्ती मंडळीने आवारात काळा दगड बसवला व त्यावर लढाईत मेलेल्यांची नावे कोरली. दानियलचे नाव आहे. लालसूचे नाही. मी देवदानमला विचारायला गेले. तो म्हणाला, "बुधरीबाई, मी काय करू? पंच म्हन्तेत, आपल्या मंडळीचेच लोक. लालसूचा बाप्तिस्मा झाला नाई."

मी म्हणाले, "भाऊ, लारीत बसवताना तं कोनी इचारलं नाई, तू कोन्या देवाचा म्हून."

त्या दिवशी मला त्याचा फार राग आला.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. लालसूचा केला नव्हता, कारण तो येईल असे मी धरून होते. दानियलचे नाव कोरलेले पाहिले तेव्हा माझे ते धरणे सुटले. गेल्या बुधवारी डोंगरातून लालसू झिंगू मडावी याचा दगड आणला आणि काळ्या दगडाशेजारी उभा केला. ओढायला कोण कोण होते ते सांगणार नाही. मी आणला, एवढे लिहावे.

आपल्या गावाच्या शिवेवर का उभा केला नाही, असे हवालदारसाहेब विचारतात. त्याचे हाड आले नाही, कपडा आला नाही. आमच्या मुलखात त्याचे शेवटचे पाऊल त्या चिंचेखाली पडले. म्हणून दगड तिथेच.

कुंपण तोडले असे तक्रारीत आहे, ते खोटे आहे. फाटक रोज दिवस मावळताना देवदानम लावतो. त्या दिवशी अंधार पडल्यावरही ते उघडे होते.

दगड रोवताना जरा तिरपा बसला. दगड कलला तर त्या माणसाला चैन नाही, असे आमच्या घरात मानतात. सकाळी तो नीट करायला गेले तर दगड सरळ उभा होता. बुडाशी गिट्टी ठोकून चुना भरला होता. चुना कोणी भरला हे मला दोनदा विचारले. मी पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी सांगितले नसते. तक्रार देवदानमने दिली आहे. पंचांनी सांगितल्यावर त्याला ती द्यावी लागली, त्याची भाकर तिथली आहे. त्याच्यावर आता माझा राग नाही.

हवालदारसाहेब म्हणाले, दगड उचलून ने, म्हणजे प्रकरण मिटवतो. मी म्हणाले, "साहेब, तुमी काढा. मी दुसरा आनीन. डोंगरात गोटे गंज पडले आहेत, अन् मले दुसरं काम नाई."

शिक्षा द्यायची असेल तर द्यावी. मी दगड काढणार नाही.

लिहिलेले मला माझ्या बोलीत उलगडून ऐकवले. वर 'एक दगड' असे मोघम लिहिले होते, म्हणून मी अंगठा दिला नाही. ते खोडून 'लालसू झिंगू मडावी याचा दगड' असे करवून घेतले व पुन्हा ऐकले. आता खरे आहे. डाव्या हाताचा अंगठा दिला.