कोटाचे दुसरे बटण

जबाब देणार : नाटक मंडळात आणि गल्लीत जिला सगळे ‘ताई’ म्हणतात ती, वय ६३ वर्षे, धंदा – शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, राहणार – नाट्यगृहामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला, डावीकडील खोली. उजवीकडील खोलीत माझे थोरले बंधू राहतात.

मी आज बुधवारी सकाळी ११ वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी एकवीस वर्षांपासून राहते. माझे बंधू, ज्यांना मी व मंडळातले सर्वजण अण्णा म्हणतो, वय ७१ वर्षे, पोस्टातून निवृत्त असून विधुर आहेत. जेवण आमचे एकत्र होते. आम्ही दोघेही हौशी नाटक मंडळाचे सभासद आहोत. अण्णा चाळीस वर्षे कामे करतात. मी सव्वीस वर्षे प्रॉम्प्टर आहे, म्हणजे विंगेत स्टुलावर बसून, नट अडला की त्याला पुढचे वाक्य हळूच सांगते. मला रंगमंचावर जायची हौस नव्हती व नाही.

या मोसमात मंडळाने पाच नाटके जाहीर केली होती. पहिले खुनाच्या तपासाचे होते. त्याला सतरा प्रेक्षक आले, त्यातले नऊ नटांचे नातेवाईक. दुसरे दोन बहिणींच्या भांडणाचे, त्याला त्याहून कमी. तिसरे मुलांचे संगीत नाटक, त्यात झाडाचे काम करणाऱ्या मुलीला उलटी झाली. चौथे रद्द झाले. पाचवे म्हणजे हा जबाब ज्याबद्दल आहे ते संगीत नाटक. त्यात अण्णांना भाड्याने खोल्या देणाऱ्या म्हाताऱ्या मालकाचे काम होते, सात वेळा येणे-जाणे आणि एक गाणे. दिग्दर्शन दातांच्या डॉक्टरांचे. त्यांचा दवाखाना नाट्यगृहासमोरच आहे व ते मंडळाचे अध्यक्षही आहेत. त्यांना सर्वजण नुसते ‘डॉक्टर’ म्हणतात, मीही येथे तसेच म्हणते.

अण्णांना दीड वर्षापासून विसर पडतो. ते दोनदा आंघोळ करतात, दुधाचे भांडे कपाटात ठेवतात. हे मंडळात सर्वांना माहीत होते. कामे वाटली त्या दिवशी अण्णा सर्वांसमोर मला म्हणाले, “चिमे, मला आता पाठ राहत नाही. तू विंगेत असशील तरच मी उभा राहतो. नसशील तर आत्ताच सांग, मी आपला घरी बसतो.” चिमी हे माझे घरातले नाव, ते अण्णांखेरीज आता कोणी घेत नाही. मी हो म्हटले. डॉक्टरही म्हणाले, “ताई आहेत म्हणजे काळजीच मिटली.”

आमची दोघांची खूण ठरलेली आहे. वाक्य आठवत नसले की अण्णा कोटाच्या दुसऱ्या बटणाला हात लावतात. मी पहिले तीन शब्द सांगते. आवाज नटापर्यंत जावा पण पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये, एवढाच काढायचा असतो. ही सवय अंगात मुरायला वर्षे लागतात आणि मुरली की निघत नाही.

पहिला प्रयोग शुक्रवारी सायंकाळी ६ वाजता झाला. दुसऱ्या अंकात विंगेतला दिवा गेला. त्याच वेळी अण्णांनी बटणाला हात लावला. वाक्य मला पाठ होते, दिव्याचे निमित्त सांगून मी सुटू इच्छित नाही. परंतु तेवढ्यात अण्णा रंगमंचाखाली वादकांच्या खड्ड्यात बसलेल्या व्हायोलिनवाल्या काकांकडे वाकून म्हणाले, “आपल्याला खोली हवी आहे का?” काका गडबडून म्हणाले, “नको हो, माझं घर आहे.” प्रेक्षक खूप हसले. मलाही हसू आले व त्यामुळे माझ्याकडून वाक्य राहिले. अण्णांनी पुढचे गाणे धरले आणि प्रसंग निभावला. रंगपटात आल्यावर ते पाच मिनिटे नुसते खुशीत येरझारा घालत होते. “चिमे, किती हसले गं लोक!” असे तीनदा म्हणाले.

शनिवारी प्रयोगापूर्वी डॉक्टरांनी मला बाजूला घेतले व सांगितले की, आज दुसऱ्या अंकात नाटकाचे पुस्तक मिटून ठेवा, वाक्य देऊ नका. मी म्हटले, अण्णा घाबरतील. ते म्हणाले, “अहो ताई, चार महिन्यांत पहिल्यांदा या हॉलमध्ये कुणी हसलं. आणि तुमच्या भावाचा चेहरा पाहिलात ना काल?” तो मी पाहिला होता. मी पुस्तक मिटले. अण्णांनी दोनदा बटण चाचपले, दोन्ही वेळा मी गप्प राहिले. लोक पोट धरून हसले. त्या दिवशी रंगपटात अण्णा खूश नव्हते. कपड्यांच्या पेटीवर बसून म्हणाले, “चिमे, माझं बटण दिसलं नाही का तुला?” मी म्हटले, “दिवा गेला होता.” दिवा सकाळीच बदललेला होता.

रविवारी दुपारी ४ वाजता मी नाट्यगृहावर पोचले तेव्हा दारावर हाताने रंगवलेला फलक होता. त्यावर मजकूर होता : ‘आजोबा आज काय विसरणार? या आणि पाहा!’ खाली टोपी घातलेल्या, तोंड उघडे टाकलेल्या म्हाताऱ्याचे चित्र होते. मला किळस आली. (जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी येथे ‘मनस्ताप झाला’ असे लिहिले होते. मनस्ताप मला नळाला पाणी आले नाही तरी होतो. शब्द बदलून घेतला आहे.) मी फलक काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. अर्ध्या तासाने तो पुन्हा दारावर होता. अण्णा मागच्या दाराने येतात, त्यामुळे त्यांनी तो पाहिला नाही.

त्या दिवशी हॉल भरला. दवाखान्यातल्या खुर्च्यासुद्धा आणून मांडल्या. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की, आज मी वाक्य देणार. ते हसले. हसताना त्यांचे सगळे दात दिसतात, धंद्याची जाहिरातच म्हणा. दुसरा अंक सुरू झाला तेव्हा ते विंगेत माझ्या स्टुलाशेजारी येऊन उभे राहिले आणि माझ्या मांडीवरचे पुस्तक उचलून त्यांनी काखेत धरले.

अण्णा रंगमंचावर आले. पहिले वाक्य बोलले, दुसऱ्याला अडले. बटणाला हात लावला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, “आजोबा, पुढे?” मग सगळा हॉल एका सुरात “पुढे? पुढे?” करू लागला. कित्येकांनी मोबाइल वर धरले होते. अण्णा बटण पिळत होते. त्यांनी विंगेकडे पाहिले, मी त्यांना दिसत होते. डॉक्टरांनी तोंडावर बोट ठेवून मला खूण केली. त्यांनी माझे तोंड धरले नव्हते. तोंड माझेच होते आणि ते मी बंद ठेवले, हे कोणी न विचारता सांगते.

अण्णा विंगेजवळ आले व उघडपणे म्हणाले, “चिमे, वाक्य दे ना.” यावर सर्वांत मोठा हशा झाला. तेव्हा मी वाक्य दिले. ‘या घराच्या किल्ल्या’ असे ते तीन शब्द आहेत. मी ते चार-पाच वेळा म्हटले, पण माझा आवाज नेहमीएवढाच निघाला. सव्वीस वर्षांत मी त्याला मोठे होऊ दिलेले नाही. हशात तो अण्णांपर्यंत पोचला नाही.

अण्णांना काय वाटले ते मला ठाऊक नाही. ते वळले आणि प्रेक्षकांना विचारू लागले, “आमची चिमी कुठे गेली? इथंच बसते ती. तुम्ही पाहिलीत का कुणी?” लोक डोळे पुसत होते, हसून. अण्णा एकेका रांगेकडे हात डोळ्यांवर धरून बघत पुढे गेले. दिव्यांच्या झोतात त्यांना कड दिसली नसावी. ते चार फूट खाली खड्ड्यात, व्हायोलिनवाल्या काकांच्या खुर्चीवर पडले. वेळ सायंकाळी ६ वाजून ५० मिनिटे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. डॉक्टर विंगेतून पुढे गेले, रंगमंचाच्या मधोमध उभे राहून वाकले आणि त्यांनी खड्ड्याकडे हात केला, जसा गुणी नटाकडे करतात. काका खालून ओरडत होते, “अहो, माणूस पडलाय! दिवे लावा!” ते ऐकूनही लोक हसले. दिवे लागायला वेळ गेला, किती ते मी मोजू शकले नाही. मी खाली उतरले तेव्हा अण्णांच्या मुठीत कोटाचे बटण होते, दोऱ्यासकट. सदरचे बटण मी पाकिटात घालून येथे जमा करीत आहे.

अण्णांचे खुब्याचे हाड मोडले आहे. मंगळवारी शस्त्रक्रिया झाली.

मी आज येथे येण्याचे कारण पुढीलप्रमाणे आहे. मंडळाने सोमवारी या ठाण्यात एक कागद दिला आहे. त्यात लिहिले आहे की, ‘मी माझ्या स्वतःच्या चुकीमुळे व वयोमानामुळे पडलो, याला मंडळ अगर दिग्दर्शक जबाबदार नाहीत, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली अण्णांची सही आहे. सही त्यांचीच आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु सहीच्या पुढे ‘५.३०’ असे लिहिले आहे ते पाहावे.

आमच्या मंडळात तालमीचे हजेरीपत्रक असते. प्रत्येकाने सही करायची व पुढे आल्याची वेळ घालायची. तालीम साडेपाचला सुरू होते. अण्णा पाचलाच येऊन बसतात, पण वेळ ५.३० घालतात, उशिरा येणाऱ्यांना ओशाळे वाटू नये म्हणून. चाळीस वर्षांत त्यांनी दुसरी वेळ घातलेली नाही. हजेरीपत्रके मंडळाच्या कपाटात आहेत, मागवून पाहावीत. सोमवारी डॉक्टर फुले घेऊन रुग्णालयात गेले तेव्हा सकाळचे ११ वाजले होते, हे वॉर्डातल्या सिस्टर सांगतील. मी औषधे आणायला खाली गेले होते. परत आले तेव्हा अण्णा म्हणाले, “डॉक्टर येऊन हजेरी घेऊन गेले. चांगला माणूस. म्हणाले, दोन-चार तालमी चुकल्या तरी चालतील.” मग थोड्या वेळाने विचारले, “चिमे, माझ्यामुळे प्रयोग पडला का?” मी म्हटले, नाही. तेव्हापासून ते दर तासाला हेच विचारतात आणि मी दर तासाला नाही म्हणते.

तरी माझी विनंती आहे की, सदरचा कागद अण्णांचा जबाब म्हणून धरू नये. त्यांची चूक झाली असे कुठेही लिहिलेले राहू नये. त्यांनी अट घातली होती, ती मी व डॉक्टर दोघांनी मोडली. मोडणाऱ्यांत डॉक्टरांच्या आधी माझे नाव घालावे, कारण अट अण्णांनी मला घातली होती.

आणखी सांगायचे म्हणजे, काल मंगळवारी दुपारी अण्णा शस्त्रक्रियेच्या खोलीत असताना मला मंडळातून फोन आला. येत्या शुक्रवारचा प्रयोग होणार आहे. म्हाताऱ्याचे काम स्वतः डॉक्टर करणार आहेत. अण्णा जिथे जिथे अडले ते सगळे त्यांनी मोबाइलवरच्या चित्रणातून उतरवून पुस्तकात घातले असून ते पाठ करीत आहेत. बटण पिळण्यासाठी वेगळा कोट शिवायला टाकला आहे, तोही आमच्या खालच्या शिंप्याकडेच. ‘चिमे, वाक्य दे ना’ हेही पुस्तकात आहे, असे कळले. मला विचारण्यात आले की, ताई, शुक्रवारी विंगेत बसाल ना, कारण डॉक्टरांना अजून नीट पाठ नाही. मी फोन ठेवला.

वरील जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. व्हायोलिनवाल्या काकांच्या घराच्या वाक्याला त्यांना हसू आले. त्यांनी लगेच माफी मागितली व तेवढी ओळ गाळू का, असे विचारले. मी नको म्हटले. त्या ओळीला मीही हसले होते, तिथूनच हे सुरू झाले. ती ओळ राहू द्यावी, बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर उतरले आहे. खाली सही केली आहे. सहीपुढे १.१० ही वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून घातली आहे, ती खरी आहे.