गोठ्यातला दगड

आयर्लंडमधल्या आमच्या गावी बसच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा फिंटन आणि त्याची शेजारीण उना उभे होते.

"काय रे फिंटन, किल्ल्याची देखभाल करणाऱ्या पुरातत्त्व खात्यातल्या बाई काल तुझ्या गोठ्यात आल्या होत्या म्हणे?"

"आल्या ना! पणजोबांनी किल्ल्याचे दगड आणून गोठा बांधलेला. मला वाटलं, आता तुरुंगच. कोरीव दगडासमोर गाय उभी केली मी."

"मग?"

"नेमकी सरकली ती बाजूला."

"अरे देवा!"

"बाई दगडावरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, आठशे वर्षांपूर्वी किल्ला बांधणाऱ्या नॉर्मन लोकांनी कोरलेला चेहरा आहे हा."

"आणि दंड?"

"कसला दंड! किल्ल्यासारखाच गोठाही आता संरक्षित स्मारक व्हायचाय. परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही."

"अरे, पण तुझी बायको नोरीन वीस वर्षं तो गोठा पाड म्हणतेय! तिला तिथे बाग करायचीय."

"तेच तर!"

"मग काय म्हणाली ती?"

"अजून सांगितलंय कुठे? आधी शहरातून तिच्यासाठी गुलाबाची रोपं आणतो."

"आणि लावणार कुठे?"

"बाईंना विचारून ठेवलंय. स्मारकासमोर कुंड्या चालतील म्हणाल्या."