लंबोदराच्या घरचं उपाशी लेकरू

मंडळी, एक सांगा! आपल्या बाप्पाचं नाव काय? लंबोदर! तरी एकवीस मोदक ठेवतो ना आपण? कुणी म्हणतं का — 'देवा, पोट सुटलंय, दोनच घ्या'? नाही! मग लेकराच्या ताटापाशीच ही जीभ का सुटते?

ऐका. वाईच्या कुमुदबाई. मोठ्या भाविक! लेक मृण्मयी पुण्याला कॉलेजात. दिवाळीला घरी आली. दारातच आई म्हणते, "अगंबाई, हॉस्टेलचं जेवण मानवलंय की!" वडील, अप्पा, पेपराआडून — "दार रुंद करून घेऊ का?" सगळे हसले. मृण्मयीही हसली... तुम्हीही हसलात! पण फराळाला बसल्यावर हातातली चकली तिनं हळूच डब्यात परत ठेवली, ते कुणी पाहिलं?

पुढची सुट्टी. "आई, आज सोमवार, उपास." मंगळवारी गणपती, बुधवारी पांडुरंग, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. आणि रविवारी? खंडोबा धावून आले! आई गल्लीभर सांगते, "आमची मृण्मयी फार देवाची हो!" अहो, उपासाला खिचडी तरी खातात! ही नुसत्या पाण्यावर! वर आईचं कौतुक — "आता कशी छान दिसतेस!" ते तर टोमण्याहून खोल गेलं.

एके दिवशी आरतीत टाळ वाजवता वाजवता पोर धाडकन खाली! शुद्धीवर येते तोच आईच्या मुठीत मीठ-मोहरी. "दृष्ट लागली गं बाई! आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची..."

"आई, घरच्यांचीही म्हण ना."

"घरच्यांची कशी लागेल, बाळा?"

"तुम्ही माझं ताट बघत बसता. मग घास उतरत नाही गं."

मूठ हवेतच! अप्पांची मान खाली. कुमुदबाईंनी लेकीचं मनगट धरलं — बांगडी सरकत कोपरापर्यंत गेली. मग हात पुन्हा फिरला. "आईची... बापाची... निघून जावो." मोहरी निखाऱ्यावर तडतडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडेही नेलं हं! नुसत्या मोहरीनं भागत नाही. आणि जेवताना? आई लेकीच्या शेजारी बसली, डोळे स्वतःच्या ताटात. बऱ्याच वेळानं आवाज आला, "आई, आमटी वाढ ना."

मंडळी, आता महाप्रसाद आहे. शेजारी तुमची मुलं बसतील. आज त्यांच्या पानात डोकावू नका. जिभेला कामं दोनच — घास आणि नाम! म्हणा, गणपतीबाप्पा...