पंचाहत्तरीची खुर्ची

लोणावळ्यात चिक्कीच्या रांगेत उभ्या कोमलचे कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याला चिकटले होते.

"अहो, आपल्या श्रीयशनं तुमच्या पंचाहत्तरीसाठी स्वतः खुर्ची केलीय. संध्याकाळी सगळ्यांसमोर बसायला नको?"

"डुगडुगते ती. मालिकेत सुतार झाला म्हणून खरा सुतार होत नाही कोणी."

"लहानपणी हातात रंधा तुम्हीच दिलात. वाईट वाटेल त्याला."

"म्हणून तर परवा गुपचूप एक पाय थोडा कापला."

"अगबाई. काल तुमची पाठ वळताच त्यानंही करवत चालवली."

"तरीच. सकाळी मला पुन्हा सगळे पाय सारखे करावे लागले."

"आत्ता आपण निघालो, तेव्हा तो परत कापतच होता."

"कापू दे."

"मग बसणार ना त्यावर?"

"बसतो की. औक्षणाला पाट लागतोच."