पाक आणि दाणा

काजल : सोमवारी तुम्ही येणार नाही आहात, आप्पा. एवढंच सांगायला शहाद्यापर्यंत एसटीत उभी राहून आले.

हेमकांत : कसाले नई? तुन्ही पीएचडीनी व्हायवा शे, आन बापच नई? नोटीसमा लिखेल शे, सर्व्यासले खुली. कोन्ही बी प्रश्न विचारी शकस.

मीनाबाई : पह्यले पानी ते पेऊ द्या तिले. आन तू बी वं काजल, घरमा शुद्ध नको बोलू. तपासनीस उनी असं वाटस.

काजल : अहिराणीत मला भांडता येत नाही, माय. मधेच हसू येतं. आप्पा, काय प्रश्न विचारणार आहात?

हेमकांत : मी उभा ऱ्हासू. नाव सांगसू. मंग म्हनसू, "कुमारी काजल, आपण झिंकचे हे जे पातळ थर बनवले, ते उत्तम आहेत. परंतु थर जमतो त्या वेळी काळाचे काय होते?"

काजल : थरात काळ नाहीये, आप्पा. झिंक ऑक्साईड आहे.

हेमकांत : तठेच तुम्ही शिकेल लोके चुकतस! मी नोकरीभर कारखानामा पॅनवर व्हतू, साखरना पाक आटाडना. पाक कसा ऱ्हास? एकजीव. वाकस, वाहस. आईनस्टाईननं अवकाश बी तसंच. आटता आटता एक येळ येस, दाना पडस. मंग एक एक दाना सुटा. हाई तुन्हं क्वांटम! माल एकच शे, फरक कितलं आटाडं त्याना. जगभरना शास्त्रज्ञ शंभर वरीस भांडी ऱ्हायनात. कारन का, त्यास्नी पॅनच पाह्येल नई.

काजल : आटवताना पाण्याची वाफ होते. ती पॅनच्या बाहेर जाते. विश्वातली वाफ कुठे जाते?

हेमकांत : त्यावर विचार चालू शे.

काजल : दाणा पडायला आधी पाकात साखरेचं बी सोडावं लागतं, तुम्हीच सांगायचात. इथे बी कोणी सोडलं?

हेमकांत : ते... ते पुढना भागमा येस.

काजल : बरं. एक समीकरण दाखवा. फक्त एक.

हेमकांत : समीकरन तू मांडशी ना! त्याकरताच ते तुले फिजिक्सले घालं.

मीनाबाई : तिले नर्सिंगले जानं व्हतं. नंबर बी लागेल व्हता धुळ्याले. तुम्ही जाऊ दिधं नई.

काजल : ऐकलंस, माय? मी ह्यांची लेक नव्हतेच. ह्यांच्या सिद्धांताची कारकून होते. दहावीपासून पगाराशिवाय.

हेमकांत : असं नको बोलू बेटा. तुन्हं नाव बी लागतं त्याले. मन्हं आन तुन्हं.

काजल : माझं नाव लागलंय ना. मागच्या महिन्यात माझ्या सेमिनारला काय केलंत ते आठवतंय? मी पडद्यासमोर बोलत होते. तुम्ही मधेच उठलात. पिशवीतून टोपी काढली, टॉवेल काढला, नारळ काढला. आणि माझ्या गाईड सरांच्या डोक्यावर टोपी घातलीत.

हेमकांत : मंग? आपले काही मांगनं ऱ्हायनं ते पह्यले मान देवाना. टोपी-टावेलशिवाय कोनता पाव्हना खूश व्हस?

काजल : ते लग्न नव्हतं, आप्पा! पोरांनी व्हिडिओ काढला. मी कॅन्टीनमध्ये शिरले की विचारतात, "मॅडम, दाणा पडला का?"

मीनाबाई : कारखानामा बी असंच म्हनेत. तुम्हले साहेब चहाले बोलावे ना, ते कसाले? जरा हासाले.

हेमकांत : साहेब ध्यानतीन ऐकी ले.

मीनाबाई : ऐकी ले, आन तुम्ही भाईर निंघनात का मंग नक्कल करे. साहेबना ड्रायव्हर जालमसिंगनी बायकोनी सांगं माले. मी तुम्हले सांगं नई. काय सांगतू? घर माले चालाडनं व्हतं.

हेमकांत : इतला वरीस तू गप ऱ्हायनी?

मीनाबाई : तुम्ही कव्हय बोलू दिधं माले? जेवाले बसनूत का पाक, झोपाले गयूत का दाना.

काजल : मग माझंही ऐकून घ्या. सरांनी विचारलं, ते टोपीवाले कोण होते? मी म्हटलं, आमच्या गल्लीतले आहेत. डोक्यावर परिणाम झालाय.

मीनाबाई : काजल!

काजल : खरं सांगू? मला वाईट नाही वाटलं. हलकं वाटलं.

हेमकांत : माले माहीत शे.

काजल : काय माहीत आहे?

हेमकांत : सरना फोन उना व्हता. त्यास्ले मी नंबर दिधा व्हता ना. माले वाटनं, सिद्धांत वाचा वाटस. ते म्हनेत, "तुम्ही काजलचे शेजारी ना? तिला त्रास देऊ नका." पह्यले माले समजनंच नई. मंग समजनं. मी म्हनं, हो. शेजारी.

(बाहेर उसाचा ट्रॅक्टर जातो.)

काजल : मग?

हेमकांत : मंग त्यास्नी विचारं, तिचे वडील काय करतात? आते मी शेजारी व्हयनू, ते बाप कोठेन आनू? मी म्हनं, वारला.

मीनाबाई : अरे देवा! मन्हा जित्ता नवरा मारी टाका तुम्ही?

हेमकांत : सर भलता हळहळनात. म्हनेत, "मुलीला इथवर शिकवलं, मोठा माणूस असणार." मन्हाबद्दल इतलं चांगलं आतेलोंग कोन्ही बोलेल नव्हतं. मी ऐकी लिधं सारं. फोन ठेवानी इच्छाच व्हये नई.

काजल : आणि तरी तुम्ही सोमवारी येणार होतात?

हेमकांत : शेजारी म्हनीसन. शेजारीले बी प्रश्न विचारता येस.

काजल : म्हणून सर परवा सगळ्यांना सांगत होते, काजलच्या आईनं एकटीनं हिला वाढवलं! मला वाटलं, नुसतं कौतुक करतायत. माय, सोमवारी ते तुझं नाव घेणार आहेत. बाहेरून जे परीक्षक येतायत, त्यांच्या कॉलेजात जागा आहे. सर माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत.

मीनाबाई : मंग खरं सांगी दे त्यास्ले.

काजल : काय सांगू? बाप जिवंत आहे, तोच तो टोपीवाला, आणि मी त्याला वेडा शेजारी केलं? एवढं ऐकून कोण नोकरी देईल मला?

मीनाबाई : ते मी येतच नई.

काजल : तू नाही आलीस तर सगळे विचारतील. ये ना, माय. फक्त... येताना गळ्यातलं काढून ये. एकच दिवस.

मीनाबाई : ओ! ऐकी ऱ्हायनात का, पोर काय म्हनी ऱ्हायनी?

हेमकांत : काढी ठेव. मी काय खरंच मरस का?

काजल : म्हणजे तुम्ही येत नाही ना, आप्पा?

हेमकांत : मरेल मानूस कसा ई?

मीनाबाई : आन ह्या बांगड्या?

काजल : काचेच्या नकोत.

मीनाबाई : कपाळवरनी टिकली?

काजल : टिकली राहू दे, माय. आता सगळ्याच लावतात.