गेटच्या टोकावरचं वर्तुळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी मंडळी आणि जागा न मिळाल्यानं मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो,

सत्कारमूर्तींच्या बायकोनंच निरोपाचं भाषण करायचं, हा आमच्या विभागप्रमुखांचा हट्ट. मीही याच इलेक्ट्रॉनिक्स विभागात शिकवते, म्हणून इथे त्यांना 'सर' म्हणते. घरी काय म्हणते ते विचारू नका! "रडगाणं लावू नकोस," असं येताना त्यांनी बजावलंय. बघू, कितपत जमतंय.

सर नेहमी सांगतात, लॉजिक एकच असतं, मांडायच्या तऱ्हा वेगळ्या. सर्किटमधल्या गेटचं चित्र काढा, ट्रुथ टेबल लिहा, के-मॅपचे चौकोन भरा, नाहीतर सरळ समीकरण म्हणा. तुम्हाला वाटलं असेल, सर शिकवायची पद्धत सारखी बदलतात, किती हौशी! हौस कसली? त्यांची नजर कडांकडून मिटत चालली होती. फळाभर पसरलेलं सर्किट नजरेत मावेना, तेव्हा ते के-मॅपवर आले. तेवढे चौकोन नजरेत बसायचे. तेही दिसेनासे झाले, तशी समीकरणं तोंडी सुरू झाली. माझा जीव तीळ तीळ तुटायचा आणि हे वर्गात जाताना शीळ घालायचे.

मग गेल्या महिन्यात एकीनं फळ्यावर ऑर गेटच्या जागी अँड गेट काढलं. सर म्हणाले, "शाबास, अगदी बरोबर!" एरवी चुकीवर तुटून पडणारा वर्ग गप्प बसला. त्या गप्प बसण्यावरूनच आपलं चुकलंय, हे त्यांना कळलं. (बाळ, तू समोरच बसली आहेस. तुझा काही दोष नाही.) घरी येऊन म्हणाले, "अगं, पोरं माझं मन राखायला लागली. म्हणजे शिकवणं संपलं." नोकरीची वर्षं अजून शिल्लक होती हो! शिकवण्याशिवाय या माणसाला दुसरं येतं तरी काय?

आज तुम्ही त्यांना सर्किटची ही तसबीर दिलीत. सगळ्यांनी मिळून हातानं काढलेली, फार सुंदर आहे. पण शेवटच्या गेटच्या टोकावरचं छोटं वर्तुळ काढायचं राहिलंय. ते नसलं की उत्तर नेमकं उलटं येतं, हे तुम्हीच परीक्षेत लिहिलंय. घरी गेल्यावर सर विचारणारच, "बरोबर काढलंय ना गं?" त्यांचं मन राखायला मी 'हो' म्हणणार नाही.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चित्रातली चूक मात्र घालू नका. कुणीतरी पेन घेऊन वर या. सर ऐकताहेत.